होळीच्या तारखेच्या पावत्या

लष्करातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सुभेदार मानसिंग घार्गे यांचा राग काही निवृत्त झाला नव्हता. अठ्ठावीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेला माणूस. रेशन दुकानातला काटा जरा हलला तरी यांचा आवाज औंधच्या यमाईच्या डोंगरापर्यंत जायचा. ग्रामसभेत हे उभे राहिले की सरपंच पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा. बायको अंजना म्हणायची, "ह्यांच्याम्होरं देवानंबी पावती घिऊनच यावं."

अशा माणसाला पुण्याच्या एका हिशेब तपासणाऱ्या कंपनीनं काम दिलं. परदेशातली एक कॅथलिक मदतसंस्था होती. तिकडची पोरं ईस्टरच्या आधीच्या उपवासात जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची पेटी ठेवतात आणि खाऊचे पैसे तिच्यात टाकतात. त्या पैशांतून जत तालुक्यातल्या एका धनगरवाडीला मेंढरांच्या निवाऱ्यासाठी पत्रे दिले होते. चौसष्ट घरं, घराला आठ पत्रे. ते खरंच पोचले का, एवढंच बघायचं. मानधन अठरा हजार. पोरांच्या खाऊचे पैसे म्हटल्यावर सुभेदारांच्या मिशा फुरफुरल्या. यात कुणी हात मारला असेल तर त्याला सोडायचं नाही, असं ठरवूनच ते ऑगस्टात जतच्या एसटीत बसले.

स्टँडवर संस्थेचा कार्यकर्ता बिरदेव गाडी घेऊन आला होता. पोरगा त्याच वाडीतला, बारावी झालेला, वाडीत महिन्याचा पगार घेणारा पहिलाच. वाडीवर माणसं जमली. पत्रे समोर दिसत होते, पण सुभेदारांची स्टोअरची सवय पक्की होती. आधी कागद, मग माल. त्यांनी पावत्यांचा गठ्ठा मागितला.

पहिलीच पावती हरणाबाईची. अंगठा, शिक्का, तारीख चोवीस मार्च. खालच्या सगळ्या पावत्यांवरही तीच तारीख.

सुभेदार थबकले. चोवीस मार्चला होळी होती. ज्वारी निघाली की खतासाठी ते आपल्या औंधच्या रानात मेंढरं बसवत, आणि गेली सात वर्षं येणारा कळप या हरणाबाईचाच होता. त्या होळीला तिची वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, त्यांच्याच रानात लागली होती. अंजनानं स्वतः पोळ्या नेऊन दिल्या होत्या.

"हरणाबाई, होळीला तू कुठं हुतीस?"

"आवं, तुमच्याच रानात की! पोळ्या खाल्ल्या न्हाईत व्हय?" म्हातारी हसली. वाडीही हसली.

सुभेदार हसले नाहीत. "दिवाळी झाली की सगळी वाडी मेंढरं घिऊन भाईर. होळीला हितं कुत्रं नसतंय, आन् चौसष्ट अंगठं?" ते असे गरजले की लहान पोरं आयांच्या मागं दडली. बिरदेव काही बोलू पाहत होता. "गप! तोंडातनं शबूद काढू नगंस!" त्यांनी तिथंच कागदावर लिहिलं: पावत्या बनावट, तारीख खोटी, जबाबदार बिरदेव. त्या पानाचा फोटो काढला आणि कंपनीच्या जयराज साहेबांना फोनवरून पाठवून दिला. चोर पकडल्याचं समाधान फार गोड असतं, आणि सुभेदारांनी ते मनापासून चाखलं.

मग त्यांनी पत्रे मोजले. घरोघर फिरून, हात लावून, दोनदा. पाचशे बारा. एकही कमी नाही. सुभेदार घामाघूम होऊन बाजेवर टेकले. "बोल आता," ते बिरदेवला म्हणाले.

"सर, संस्थेच्या पुण्याच्या हापिसातनं मॅडमचा फोन आलता. मार्चअखेर वाटप दाखवलं न्हाई तर पैसं माघारी जात्यात. मी सांगितलं, आमची मानसं जूनला घरी येत्यात. मॅडम म्हनल्या, तुमची मेंढरं कवा येतात ते तिकडच्या साहेबांना समजत न्हाई. मग मी गाडीवर रानोरान फिरून अंगठं घेतलं. तारीख हापिसानं टाकली. पत्रं जतच्या गोदामात ठिवलं, आन् मानसं आल्यावर घरोघर पोच केलं."

"आन् पेट्रोल?"

"माझंच."

सुभेदारांनी लगेच दुसरं पान लिहिलं. माल पूर्ण, मुलगा प्रामाणिक, खोटी तारीख संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसनं लादली. तेही पाठवलं. जयराज साहेबांचा फोन आला. "सुभेदार, पहिलं पान अगदी नेमकं आहे. दुसऱ्याचं बघू."

साताऱ्यातल्या एका हॉटेलात समारोपाची बैठक झाली. तिथं सगळ्या प्रकल्पाच्या खर्चाचा तक्ता सुभेदारांच्या हाती पडला. शंभरातले सदतीस रुपये संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसला. समुद्रकाठच्या रिसॉर्टवर तीन दिवसांचं शिबिर, विषय 'उत्तरदायित्व'. पत्र्यांना साडेचार लाख, आणि ते पोचले का हे तपासायला सहा लाख.

"पत्र्यापरीस पत्रं मोजाया जास्त?" सुभेदारांनी टेबलावर हात आपटला तसे बिस्किटांचे बशीभर तुकडे झाले. "तिकडं पोरं खाऊचं पैसं टाकत्यात रं! त्यांना काय सांगनार?"

"त्या सगळ्या खर्चाची बिलं व्यवस्थित आहेत," जयराज साहेब शांतपणे म्हणाले. "आणि तो भाग तुमच्याकडे नाही."

बिलं व्यवस्थित होतीच. रिसॉर्टवाला होळीच्या दिवशी मेंढरं घेऊन रानात जात नाही, त्यामुळे त्याची तारीख कधी चुकत नाही. आग लागो त्या व्यवस्थितपणाला!

दिवाळीनंतर संस्थेचा अहवाल आला. सून राजनंदिनीनं फोनवर वाचून दाखवला. जत तालुक्यात गैरव्यवहार उघड, संबंधित कार्यकर्त्याला तात्काळ कमी केलं, खोटेपणाला थारा नाही. पारदर्शकतेसाठी संस्थेला पैकीच्या पैकी गुण. सुभेदारांचं पहिलं पान अहवालात जसंच्या तसं छापलं होतं. दुसरं शोधूनही सापडलं नाही. सुभेदारांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. अठरा हजार परत पाठवले, तर कंपनीनं कळवलं की मानधन परत घ्यायची सोय नाही, आणि पैसे पुन्हा त्यांच्याच खात्यावर आले.

पुढच्या होळीला त्यांचं रान ज्वारी काढून मोकळं पडलं होतं, पण कळप आला नाही. हरणाबाईची वाघर शेजारच्या नानासोंच्या रानात लागली होती. सुभेदार पोळ्यांचा डबा घेऊन बांध ओलांडून गेले.

"हरणाबाई, पोळ्या आनल्यात."

तिनं डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सुभेदार, तुमाला पत्रं मोजाया धाडलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मोजलं?"

"मोजलं. पाचशे बारा."

"येक तरी कमी हुता?"

"न्हाई."

"मग मोजायच्या आदी लिवलं कशाला?"

साहेबांच्या टेबलावर आपटलेला हात आता डब्याच्या कडीला घट्ट धरून होता. पलीकडे बिरदेव वाघरीच्या खुंट्या ठोकत होता. त्यानं मान वर केली, "राम राम सर" म्हणाला, आणि पुढची खुंटी उचलली.