आठवा कॉम्प्युटर

आमच्या हॉस्पिटलात व्यायामाच्या हॉलला लागून खेळाची खोली आहे. अपघात झालेले, अर्धांगाचा झटका आलेले रुग्ण तिथं बसून हातपाय पुन्हा वळणावर आणतात. खोलीत आठ कॉम्प्युटर आहेत. सात लिनक्सवर चालतात, आठवा विंडोजवर; कॉम्प्युटर चालवणाऱ्या या दोन वेगळ्या व्यवस्था. बघायला येणारे नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतात. "सिस्टर, हा एकटाच वेगळा का?" आणि त्यात एखादा जाणकार निघाला की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. "मग काय, गेमिंगमध्ये लिनक्स विंडोजला टक्कर देणार का?"

मी या वॉर्डाची इनचार्ज. मला सलाइन कळतं, जखमा कळतात, रुग्णाच्या चेहऱ्यावरून त्याला रात्री झोप लागली की नाही तेही कळतं. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण टक्कर हा शब्द कानावर आला की अजून मी विषय बदलते. त्याचं कारण आमचा वायरमन.

त्याला सगळं हॉस्पिटल खटपट्या म्हणतं. सव्वीस वर्षं नोकरी, कानामागे टेस्टर, खिशात चार स्क्रू, आणि ते कुठले हे त्यालाही ठाऊक नाही. चालू पंखासुद्धा हा खोलून बघणार. त्याची बायको एकदा मला म्हणाली होती, "आमच्या घरचं घड्याळ यांनी दुरुस्त केलं, तेव्हापासून दिवसाचे पंचवीस तास होतात." भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरांवर तो आपलं आपण सगळं शिकला. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सिस्टर, ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ती वस्तू आपली नाही." लिनक्सवर त्याचा जीव जडला तो याचसाठी. ते उघडता येतं, आत हात घालता येतो, हवं तसं फिरवता येतं. विंडोजचं नाव काढलं की याचं तोंड कडू. माणूस सोन्यासारखा, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

खेळाच्या खोलीतली यंत्रं जुनी झाली होती. त्यांच्यावरच्या विंडोजची मुदत संपली आणि नवीन विंडोज त्या यंत्रांवर चढेना. व्यवस्थापक साहेबांनी फर्मान काढलं, यंत्रं भंगारात, खोलीला कुलूप. खटपट्या तडक त्यांच्या केबिनमध्ये गेला. मीही मागोमाग गेले, कारण कुलूप माझ्या रुग्णांच्या तोंडावर लागणार होतं.

"साहेब, पंधरा दिवस द्या," तो म्हणाला. "खेळांसाठीच बनवलेलं लिनक्स आलंय आता. सगळी यंत्रं त्याच्यावर टाकतो. विंडोजच्या तोंडात मारेल असं चालवून दाखवतो."

"सगळे खेळ चालतील?"

"सगळे."

"एक जरी अडला तरी खोली बंद करीन," साहेब म्हणाले.

पंधरा दिवस तो घरी जेवायलासुद्धा धड गेला नाही. एकेक यंत्र पुसून त्यानं नवी व्यवस्था बसवली. आणि खोटं कशाला बोलू, काम नजर लागण्यासारखं झालं. जे यंत्र चालू व्हायला माझी अर्धी फेरी व्हायची, ते आता खुर्ची ओढेपर्यंत तयार. मी विचारलं, "अहो भाऊ, हे खेळ विंडोजसाठी केलेले. मग इथं कसे चालतात?"

"मधे दुभाषा बसवलाय, सिस्टर. खेळ आपल्या भाषेत बोलतो, दुभाषा ते लिनक्सला समजावतो. खेळाला पत्तासुद्धा लागत नाही की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत."

त्या खोलीत ड्रायव्हरकाका रोज यायचे. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. झटक्यानं उजवी बाजू गेली होती. जीभ जराशी जड, बाकी डोकं लख्ख. खटपट्यानं त्यांच्यासाठी शिलाई मशीनचं पेडल आणून त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली होती. डाव्या हातात माउस, डाव्या पायाखाली पेडल. पाय दाबला की पडद्यावरचा माणूस चालायला लागायचा. काका खटपट्याला गमतीनं खटपटे म्हणायचे, आडनाव असल्यासारखं.

यंत्रांचं नवं रूप बघून काकांनी एकच विचारलं, "खटपटे, माझा रविवारचा खेळ चालेल ना?"

"चालेल म्हणजे? धावेल!"

हा रविवारचा खेळ काय होता ते फक्त मला माहीत होतं. भरतीच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची जागा त्यांनी कोरी सोडली, तेव्हा मी खोदून विचारलं होतं. मुलगी होती, एकुलती एक, दूर परदेशात. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा डेपोतून निरोप आला, बदली ड्रायव्हर आला नाही, प्रवासी खोळंबलेत. काका "येतोच" म्हणून उठले आणि बस घेऊन गेले. परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. एकोणीस वर्षांची पोर आईपाशी एकटी होती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही उठून गेलात." त्यानंतर तिनं घर सोडलं. फोन नाही, पत्र नाही.

पण लहानपणी तिनंच बापाला एक लढाईचा खेळ शिकवला होता. वर्षभरानं त्या खेळात तिचं बोलावणं आलं. तेव्हापासून आठ वर्षं, दर रविवारी चार वाजता, दोघं एका बाजूनं लढायचे. कानाला हेडफोन लावून बोलायचे, पण फक्त खेळातलं. कसे आहात, जेवलात का, हे एकदाही नाही. मी बाजूला बसून ऐकलंय, हेडफोनमधून तिचा आवाज बाहेरही यायचा. ती विचारायची, "बाबा, कुठं आहात?" आणि हे म्हणायचे, "खांबामागं. हललो नाही. तू ये."

झटका आल्याचं त्यांनी तिला कळवलं नव्हतं. तिनं एकदा विचारलं, आवाज असा का येतोय, तर म्हणाले, सर्दी झालीय. मी रागावले. तर म्हणतात, "सिस्टर, तिनं कर्तव्य म्हणून येऊ नये. ती दर रविवारी आपणहून येते, तेवढं मला पुरतं." तिला कळवणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं. त्या माणसाचं जगात दुसरं काही उरलं नव्हतं हो. आठवड्यातला तो एक तास गेला असता तर मुलगी गेली असती.

पहिले दोन रविवार खेळ खरंच धावला. खटपट्या छाती काढून वॉर्डभर हिंडत होता. तिसऱ्या शनिवारी त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि रविवारी सकाळी तो उघडेना. खटपट्याला विचारलं तर कपाळाला आठ्या. "यात एक पहारेकरी असतो, कुणी फसवून खेळतंय का बघणारा. त्याला यंत्राच्या पार आत शिरून झडती घ्यायची असते. आजपासून तो म्हणतोय, दुभाषा चालणार नाही. विंडोज असेल तरच आत या."

ड्रायव्हरकाका दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. डाव्या हातानं दाढी, तीन ठिकाणी कापलेलं. मी म्हटलं, "भाऊ, साहेबांकडे विंडोजचा लॅपटॉप आहे. मी फोन करते, चारपर्यंत आणून देतील."

"काही नको."

"अहो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे!"

"सिस्टर, त्या माणसासमोर मी हात पसरणार नाही. एक खेळ अडला कळलं की उद्या कुलूप लावेल. मी करतो ना, सांगितलं ना करतो!"

अर्धं खरं खोलीचं होतं. अर्धं त्याच्या नाकाचं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि मी गप्प बसले. माझ्या जिभेला एरवी हाड नसतं, त्या दिवशी नेमकं आलं.

त्यानं काय केलं, तर पहारेकऱ्याला चकवलं. लिनक्सला असं काही सोंग दिलं की ते विंडोजच आहे असं वाटावं. चारला दहा कमी असताना खेळ उघडला. खटपट्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बरोबर चारला बोलावणं आलं, काका खेळायला लागले. मी औषधांच्या फेरीला जायला निघाले होते.

अकरा मिनिटं झाली असतील. पडदा काळा झाला आणि वर चार ओळी आल्या. काकांचं खातं फसवणुकीबद्दल कायमचं बंद. आठ वर्षांचं खातं, मुलीचं नाव जोडलेलं, सगळं गेलं.

खटपट्या बटणांवर बटणं दाबत राहिला. काकांनी पाच वाजेपर्यंत हेडफोन काढला नाही. पडद्याकडे बघत ते म्हणाले, "ती म्हणत होती, बाबा थांबा, मी येते. आणि मी गेलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला वाटेल, मी उठून गेलो. पुन्हा."

मी खटपट्याला बाहेर काढलं आणि नको नको ते बोलले. अति शहाणा म्हणाले, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस म्हणाले, अहो-जाहो सगळं विसरले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. एका शब्दानं उलटून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला. मीही होते. "साहेब, मी सगळे खेळ चालतील म्हणालो होतो. एक चालत नाही. तो चालवायला मी लबाडी केली आणि एका रुग्णाचं नुकसान झालं. खोली बंद करू नका, मला काय करायचं ते करा. आणि विंडोजचं एक यंत्र द्या." सव्वीस वर्षांत त्या माणसानं कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. साहेबांनी खोली चालू ठेवली आणि ऑफिसातलं एक यंत्र दिलं, तोच आमचा आठवा कॉम्प्युटर.

खेळाच्या कंपनीला त्यानं स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. चूक माझी, शिक्षा मला द्या, म्हाताऱ्याला नको. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, निर्णय बदलणार नाही. मग विंडोजच्या यंत्रावर काकांचं नवं खातं उघडलं. रविवारी चारला मुलीला त्या खात्यावरून बोलावणं पाठवलं. अनोळखी नाव, तिनं ते स्वीकारलं नाही. पाच वाजेपर्यंत काका पेडलवर पाय ठेवून बसून होते. पुढच्या रविवारी त्यांनी दाढीच केली नाही. व्यायामाला यायचं थांबवलं, जेवणाचं ताट परत जायला लागलं. हाताला आलेली ताकद माझ्या डोळ्यांदेखत ओसरायला लागली.

त्यांच्या पाकिटात मुलीचा नंबर होता, कागदाच्या घडीत, कुणाकडून तरी मिळवलेला, कधीच न लावलेला. मी म्हटलं, "काका, लावा ना फोन."

"काय बोलू? आम्हाला फक्त खेळातलं बोलता येतं."

खटपट्या दारात उभा होता. तो आत आला, कॉटपाशी खाली बसला आणि म्हणाला, "काका, नंबर द्या. तुम्ही बोलू नका. मला माझं बोलायचंय." काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण पाकीट उशीवरच राहू दिलं.

फोन लागला. त्यानं स्पीकर चालू केला.

"मी वायरमन बोलतोय," तो म्हणाला. "तुम्ही मला ओळखत नाही. त्या दिवशी खेळातून तुमचे बाबा उठून गेले नाहीत. मी घालवलं त्यांना. मला मोठेपणा मिरवायचा होता, लिनक्सवर सगळं चालतं म्हणून. नाही चाललं, तर मी लबाडी केली आणि त्यांचं खातं बंद झालं. त्यांची काही चूक नाही. ते पाच वाजेपर्यंत बसून होते. त्या रविवारी आणि त्याच्या पुढच्याही."

मग तिनं विचारलं, "तुम्ही वायरमन कुठले? बाबा कुठं आहेत?"

खटपट्यानं माझ्याकडे बघितलं. वचन मी दिलं होतं. मी मान हलवली, सांगा.

"हॉस्पिटलात आहेत, ताई. चार महिने झाले. उजवी बाजू गेलीय. डाव्या हातानं आणि पायानं खेळायचे तुमच्याशी."

"चार महिने?" ती म्हणाली. "म्हणजे ती सर्दी..." मी तोंडावर पदर धरला. आता ही रागावून फोन ठेवणार, असंच मला वाटलं.

"त्यांना द्या," ती म्हणाली.

खटपट्यानं फोन काकांच्या कानाशी धरला. काका भिंतीकडेच बघत होते. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. शेवटी तिनं विचारलं, दर रविवारी विचारायची तसंच.

"बाबा, कुठं आहात?"

काकांनी डाव्या हातानं फोन घट्ट धरला.

"इथंच आहे," ते म्हणाले. "हललो नाही. तू ये."