उजव्या बाजूचं वल्हं

नलूबाई कुणाकडे गेल्या की चहाला नाही म्हणायच्या आणि कॉम्प्युटरला हो. पदराच्या टोकाची गाठ सोडून त्या एक पेन ड्राइव्ह काढत आणि विचारत, "तुमच्या मशीनवर हे कसं चालतं, बघू का जरा?" घरात सत्यनारायण असो नाहीतर बारसं, तीर्थप्रसाद घेतला की बाई कॉम्प्युटरपुढे. नागावात कुणी नवं मशीन आणलं की आधी त्याला हार घालतात आणि मग नलूबाईंना निरोप धाडतात, असं आम्ही गमतीने म्हणायचो.

त्या पेन ड्राइव्हवर एक गेम होता. बाईंचे यजमान वसंतराव अलिबागला कोर्टात कारकून होते. घरी आले की कॉम्प्युटरला चिकटायचे. आपलं आपण शिकत त्यांनी तो गेम लिहिला होता. एक खाडी, एक होडी आणि मावळतीला निघालेला सूर्य. एकाने डावं वल्हं मारायचं, दुसऱ्याने उजवं, आणि सूर्य बुडायच्या आत पलीकडचा धक्का गाठायचा. दोघांनी एकाच कीबोर्डवर बसायचं, वसंतराव डावीकडे, बाई उजवीकडे. बाई भाताचा कुकर लावून खेळायला बसत, आणि इकडे सूर्य बुडायचा तेव्हा तिकडे कुकर झालेला असे. वसंतरावांनी म्हणे सूर्य कुकरवर लावून घेतला होता.

वसंतराव गेले आणि पाठोपाठ ते मशीनही गेलं. आमच्याकडचा खारा वारा लोखंड खातो, कॉम्प्युटरची काय कथा. मी बाईंच्या टायपिंग क्लासचा जुना विद्यार्थी, अलिबागला एसटी स्टँडमागे माझं दुरुस्तीचं दुकान. मशीन उघडलं तर आत नुसता गंज. गेम तेवढा वाचवला आणि दुकानातल्या नव्या मशीनवर लावून दाखवला, तर सूर्य विहिरीत पोहरा सुटावा तसा खाली गेला. वसंतरावांनी गेमचा वेग मशीनच्या वेगाला बांधला होता. मशीन जेवढं जलद, तेवढी होडी जलद. मी हे समजावून सांगितल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखं मशीन शोधायला हवं."

आणि त्या खरोखरच शोधायला लागल्या. बाईंनी मशीनच्या चार जाती ठरवल्या होत्या. रांगणारं, चालणारं, पळणारं आणि उधळणारं. माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेलं प्रत्येक यंत्र त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय परत जात नसे. डावं वल्हं अर्थात माझ्याकडे. होडी भोवऱ्यासारखी फिरायची, आम्ही दोघं हसायचो आणि बाई निकाल द्यायच्या, "पळतं रे. नको."

एकदा समुद्राकाठच्या एका बंगल्यात गेलो. मालक मुंबईचे, मशीन रंगीत दिव्यांचं, त्यांनी ते मोठ्या कौतुकाने दाखवलं. बाईंनी बोट ठेवायच्या आतच सूर्य बुडाला. "एवढ्या घाईने तुम्ही पोचता तरी कुठे?" त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं. मालकांना हसावं की रागवावं कळेना. मी मग वेग कमी करणारा एक प्रोग्रॅम घालून दिला, पण त्यात होडी गचके खात चालायची. बाईंनी तोही नापास केला. "खाडी आहे ही, रेवदंड्याचा रस्ता नाही."

शेवटी मुरुडला एका लॉजवर तसलंच जुनं मशीन असल्याचं कानावर आलं. आम्ही दोघं एसटीने गेलो. लॉजचे मालक इब्राहिमभाईंनी त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून फडक्याने ते पुसलं. "बाई, आरामात बसा. म्हातारा हाय, पण चालू हाय," ते म्हणाले. बाईंनी आधी लॉजच्या स्वयंपाकघरात जाऊन भाताचा कुकर लावायला सांगितला आणि मगच खुर्चीत बसल्या.

सूर्य सावकाश उतरू लागला. पाणी संथ हलत होतं, एक गचका नाही. मला तर कधी एकदा पलीकडे लागतो असं झालं होतं, मी सपासप डावं वल्हं मारत सुटलो. होडी मात्र उजवीकडे वळायला लागली. बाईंचं बोट पडायचं, पण उशिरा. आम्ही होडी सरळ केली, पुन्हा ती उजवीकडच्या तिवरांच्या झाडीत घुसली. मी मान वर केली तेव्हा बाई पडद्याकडे नाही, आपल्या बोटांकडे बघत होत्या. आत कुकर झाला आणि पडद्यावर सूर्य बुडाला, अगदी एकाच वेळी.

"सापडलं की बाई," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि इब्राहिमभाईंनी आग्रहाने वाढलेला तो भात खाल्ला.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. काशीद मागे पडलं. मग म्हणाल्या, "तेव्हाही माझा हात असाच होता रे. टायपिंग शिकवायचे, पण खेळात कायम मागे. तरी होडी कधी वळली नाही. माझं वल्हं पडल्याशिवाय आमचे हे आपलं मारत नसत. आणि मी इतकी वर्षं समजत होते, मशीनच तसं आहे."

मी थांबेन, आपण पुन्हा बसू, एवढं तरी म्हणायला हवं होतं. ते मला घरी पोचल्यावर सुचलं.

त्या दिवसानंतर बाईंनी कुणाच्या घरी पेन ड्राइव्ह काढला नाही. बारशाला गेल्या तर चहा घेत, चार गोष्टी बोलत आणि उठत. लोकांना वाटलं, बाईंचं खूळ एकदाचं गेलं. मला ते बघवत नसे. आम्ही ते मशीन शोधत फिरायचो तेव्हा त्या किती हसत असत.

मी इब्राहिमभाईंकडून मशीन मागून आणलं, आणि बाईंना फोन केला की दुकानात या, मी सावकाश खेळतो. "सुपारी सोलायला बायका आल्यात, तेवढं उरकलं की येते," असं त्या म्हणाल्या. सुपारी उरकली असेल, पण बाई आल्या नाहीत. थोड्याच दिवसांत त्या गेल्याचं कळलं. पेन ड्राइव्ह त्यांच्या भाचीने मला आणून दिला. बाईंनीच तसं सांगून ठेवलं होतं.

ते मशीन अजून दुकानात आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की मी गेम लावतो आणि खुर्ची डावीकडे सरकवून बसतो. बोट ठेवतो, पण वल्हं मारत नाही, उजवं पडायची वाट बघतो. होडी काठालाच राहते आणि सूर्य आपल्या वेळेवर बुडतो.