सुजाताचं ‘व्हाय नॉट’

“ही बाई उत्तरं स्वतःच्या मनाने भरते आहे,” ग्लेन म्हणाला आणि त्याने प्रिंटआउट माझ्या टेबलावर टाकला. “शुक्रवारच्या आत पुरावा दे. मग तिला काढू.”

ग्लेन माझा बॉस. ही बाई म्हणजे सुजाता मेश्राम, नागपूरची, आमच्या कॅनडातल्या, हॅमिल्टनच्या कॉल सेंटरमधली इंटरव्ह्यूअर. मी डेटा क्वालिटी बघायचे, म्हणजे फोनवर गोळा झालेल्या उत्तरांत कुठे पाणी मुरतंय ते शोधायचं. २०१० साल होतं आणि अमेरिकेतल्या मिडटर्म निवडणुका तोंडावर आल्या होत्या. अध्यक्षाची मुदत निम्मी संपली की तिकडे संसदेची निवडणूक होते, ती मिडटर्म. तिकडच्या एका पक्षाचे सर्व्हे आमच्याकडे होते, कारण आम्ही स्वस्त पडायचो.

मिडटर्मला बरेच लोक मत द्यायला जातच नाहीत. त्यामुळे “कोणाला मत देणार?” याच्या आधी “मत द्यायचा उत्साह एक ते दहात किती?” असं विचारतात. कमी आकडा सांगणाऱ्यांना हिशेबातून वगळायचं. उरतात ते लाइकली व्होटर. पक्ष जिंकणार की आपटणार ते त्यांच्यावरून काढायचं.

त्या वर्षी आमच्या क्लायंटचे मतदार पार मरगळलेले होते. सगळ्यांच्या कॉल्समध्ये दोन, तीन, फार तर चार. सुजाताच्या कॉल्समध्ये सात आणि आठ. एका मतदारसंघातले बहुतेक कॉल तिनेच केले होते आणि तिथला त्यांचा पडेल उमेदवार चक्क निवडून येताना दिसत होता. क्लायंट खूश. दुसरीकडच्या टीव्ही जाहिराती काढून तिथे लावायच्या बेतात होता.

आकडा खोटा निघाला तर कंपनीची अब्रू जाणार होती, सुजाताची नोकरी. तिचा नवरा इंजिनिअर, पण ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ नाही म्हणून घरी बसलेला. बनावट उत्तरं भरल्याचा शिक्का बसल्यावर तिला रेफरन्स कोण देणार? मला वाईट वाटत होतं. आणि अख्ख्या फ्लोअरवर नेमकी आपली मराठी बाईच सापडावी, याचा रागही येत होता.

आधी मी कॉल्सची लांबी तपासली. बनवाबनवी करणारा भराभर बटणं दाबून मोकळा होतो. सुजाताचे कॉल इतरांपेक्षा लांबलेले होते.

मग कॉलबॅक केले. म्हणजे तिने ज्यांना फोन केला त्यांनाच पुन्हा फोन करून, तुमच्याशी खरंच कोणी बोललं होतं का, असं विचारायचं. सर्व्हेवाल्यांचा फोन लोक सहसा विसरतात. ही सगळ्यांना आठवत होती. एक बाई तर म्हणाल्या, “त्या लेडीला सांगा, मी जाणार आहे मत द्यायला. प्रॉमिस.”

प्रॉमिस? सर्व्हेत कोणी कोणाला प्रॉमिस देत नाही. मी हेडफोन चढवले आणि तिला न सांगता तिचा चालू कॉल ऐकायला बसले.

ओहायोचे एक म्हातारे गृहस्थ होते. उत्साह किती? “दोन. आय अ‍ॅम नॉट व्होटिंग.”

इथे पुढच्या प्रश्नाकडे जायचं असतं. सुजाता थांबली. मग म्हणाली, “बट व्हाय नॉट, सर?”

शब्द इंग्लिश, पण सूर अस्सल नागपुरी ‘काहून?’चा. घरातलं माणूस जेवायला नाही म्हणालं की विचारतात तसा. गृहस्थांनी दुखऱ्या गुडघ्यापासून सुरुवात केली आणि सगळे पुढारी चोर इथपर्यंत आले. सुजाता ऐकत होती. शेवटी फक्त म्हणाली, “ओके, सर.” इतकं हिरमुसून, की मलाच कसंतरी झालं.

“ऑल राइट, ऑल राइट,” म्हातारबुवा म्हणाले. “माझे सात लिही.”

तिने इमानदारीत सात लिहिले.

ब्रेकरूममध्ये मी तिला गाठलं. “स्क्रिप्टमध्ये व्हाय नॉट कुठे आहे गं?”

“नाही आहे,” ती म्हणाली. “पण ताई, सात त्यांनीच सांगितले नं. मी कुठं सांगितले?”

“तुला फक्त मोजायचंय. त्यांचं मन वळवायचं नाहीये.”

“पण माणूस म्हणते मत नाही देणार, तर तुम्ही गप कशा राहता?” ती खरोखर चकित झाली होती. “आमच्या वस्तीत मतदानाच्या दिवशी आजी सकाळीच पांढरं लुगडं नेसून रांगेत उभी राहायची. भांडून मिळालं आहे जी आमाले ते. आता इथं आमचा पीआर, म्हणजे राहाची परवानगी आहे, मत नाही. मतासाठी नागपूरले जाणं होत नाही. आणि याले घराजवळ बूथ आहे, तर हा जात नाही! काहून, एवढं विचारू नये?”

माझ्याकडे फक्त नियम होता.

मी ग्लेनला म्हटलं, “ती खोटेपणा करत नाहीये. प्रामाणिकपणे आकडे बिघडवते आहे.”

तिचे सगळे इंटरव्ह्यू बाद केले. उमेदवार पुन्हा पडेल झाला आणि क्लायंटने फोनवर आमचा उद्धार केला.

“म्हणजे मी तिला काढू शकत नाही आणि ठेवूही शकत नाही,” ग्लेन म्हणाला.

“शेजारच्या रूममध्ये पाठव.” तिथून त्याच पक्षाचे रिमाइंडर कॉल जायचे: आपल्या समर्थकांना, मत द्यायला जा बरं का, म्हणून सांगायचं. हे कळल्यावर सुजाताने आधी विचारलं, “तिथं व्हाय नॉट म्हणता येते का?” मी म्हटलं, “तिथे तेवढंच म्हणायचं.”

तो उमेदवार निसटता निवडून आला. क्लायंटचा पुन्हा फोन. “तुमचा पहिला आकडाच बरोबर होता. टाकलात कशाला?” मी सांगितलं, मोजला तेव्हा तो चूकच होता. त्याला पटलं नाही. एका बाईच्या फोनांनी निवडणूक फिरत नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवशी मी तिला जेवायला बाहेर नेलं.

सुजाताची नोकरी पक्की झाली. पुढच्या निवडणुकीच्या वेळी ग्लेनने रिमाइंडरच्या स्क्रिप्टमध्ये जाड अक्षरांत एक ओळ घातली: समोरचा नाही म्हणाला, तर ‘व्हाय नॉट?’ विचारून थांबावे. बाकीच्यांनी ती महिनाभर इमानेइतबारे वाचली. लोक फोन ठेवून द्यायचे. शेवटी ती ओळ काढून टाकली. वाचणाऱ्यांना कारण ऐकायचंच नव्हतं आणि ते फोनवरही लपत नव्हतं.