सभापतीबद्दल मी गाळलेलं वाक्य

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीनं मला विचारलं, "आजी, स्पीकर बोलतच नाही, तर त्याला स्पीकर का म्हणतात?" तुमच्याकडे निवडणुका झाल्या आहेत आणि संसदेत कोण कुठं बसतं याचं चित्र शाळेत काढायला सांगितलं आहे, एवढं तुमच्या आईकडून कळलं होतं. मी हसले आणि "सावकाश सांगेन" म्हणाले. हसले, कारण हाच प्रश्न सत्तेचाळीस साली आमच्या गावच्या चावडीपुढं मला विचारला गेला होता आणि मी त्याचं अर्धंच उत्तर दिलं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. तोवर बसून राहण्यापेक्षा हे लिहून टाकते. त्या सभेला हजर असलेल्यांपैकी आता माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही. क्रमानं सांगते, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबून विचारावं लागणार नाही.

आमचं गाव कडेगावच्या बाजूचं. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आणि सांगली हे वेगळं संस्थान होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, पलटणीतून सुभेदार होऊन घरी आले होते. मी सतरा वर्षांची होते. सांगलीला मामांकडे राहून कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकत होते आणि दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. माझं इंग्रजी गंजू नये म्हणून आबांनी टपालानं एक इंग्रजी वर्तमानपत्र लावलं होतं. ते तिसऱ्या दिवशी यायचं. मग आबा मला चावडीच्या कट्ट्यावर नेऊन बसवायचे आणि म्हणायचे, "वाच पोरी. आन् मराठीत सांग."

त्या दिवसांत दिल्लीच्या बातम्या लोक जीव लावून ऐकत. स्वातंत्र्याआधीच्या वर्षी प्रांतांच्या कायदेमंडळांनी आपापली माणसं निवडून दिल्लीच्या सभेत पाठवली होती. ती सभा देशाची घटना लिहीत होती. ऑगस्टपासून तिच्यावर दुसरं कामही पडलं, कायदे करण्याचं. फाळणीमुळं काही जण तिकडचे झाले आणि त्यांच्या जागा गेल्या. संस्थानांची माणसं हळूहळू येऊन बसत होती. आमच्या कॉलेजात सांगलीच्या मुली तेवढ्यावरूनही भाव खायच्या की आता आमचाही माणूस दिल्लीला. बहुतेक सभासद एकाच पक्षाचे होते, पण सगळे एका सुराचे नव्हते. थोड्या बायकाही होत्या. हे वाचलं की चावडीवर कोणीतरी हमखास विचारी, "बाया खुर्चीवर बसत्यात का खाली?"

त्या कट्ट्यावर एक पिंजारी चाचा यायचे. कापूस पिंजून गाद्या भरायचा त्यांचा धंदा होता. त्या वर्षी ते एरवीपेक्षा गप्प असत. एकदा सगळे उठल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाय, आमच्यातलं कोन हाय का गं त्या सभेत?" मी पत्रात होती तेवढी नावं वाचून दाखवली. त्यांनी ती बोटांच्या पेरांवर मोजली आणि म्हणाले, "हायत. म्हंजी बसायला जागा हाय."

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते, कारण खरी अडचण तिथं होती. माझी आत्या, आबांची धाकटी बहीण, लढाईत नवरा गमावून माहेरच्या गावात आली होती. आमच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून ती वेगळी राहायची. तिची लेक अकरा वर्षांची. उन्हाळ्यात ती चौथी पास झाली आणि तिथंच तिची शाळा संपली. पाचवीचा वर्ग तीन मैलांवरच्या गावात होता. मुलं ओढा ओलांडून जायची, मुलींना कोणी पाठवत नसे. आत्याची लेक पाटी घेऊन जोत्यावर बसायची आणि चौथीचीच गणितं पुन्हापुन्हा करायची. उत्तरं पाठ झाली होती, तरी करायची.

त्याच दिवाळीत शाळाखात्याचे साहेब येऊन सांगून गेले की गावानं एक खोली दिली तर जूनपासून पाचवीला मास्तर मिळेल. महिन्याअखेर कळवा, नाहीतर मास्तर दुसऱ्या गावाला जाईल. गावाच्या मालकीची रिकामी खोली एकच होती, ती तालमीला लागून. आणि ती वस्तादांना हवी होती. वस्ताद म्हणजे तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे. बाहेरगावचे पैलवान आले की त्यांच्या मुक्कामाला जागा नाही, ही त्यांची तक्रार जुनी होती आणि खोटीही नव्हती.

आत्या घरोघर जाऊन बोलली. ती बोलायला लागली की तिचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा. गावानं तिला नावच ठेवलं होतं, "कर्णा".

आता ते वाक्य. एके दिवशी पत्रात बातमी होती की दिल्लीच्या सभेनं कायद्याच्या कामासाठी स्पीकर निवडला. कोणी विरोध केल्याचं बातमीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, "स्पीकर निवडला."

"आं? कर्णा निवडला?" वस्ताद म्हणाले. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या सभेला लाऊडस्पीकर आला होता, तेव्हापासून स्पीकर म्हणजे कर्णा, भोंगा, हेच सगळ्यांना ठाऊक. "मग दिल्लीला कशाला शोधत बसले? आमच्याकडनं न्यायचा की! सुभेदारांच्या शेजारीच राहतोय."

कट्टा हसला. आबाही हसले. मला राग आला आणि मी समजावून सांगू लागले. स्पीकर म्हणजे सभापती. तो सगळ्यांच्या वर बसतो, कोणी कधी बोलायचं ते ठरवतो.

"आन् त्यो सोता कवा बोलतो?" पाटलांनी विचारलं.

"तो वादात बोलत नाही. मतही देत नाही."

"बोलत न्हाई, मत देत न्हाई, मग त्याला बोलणारा का म्हनायचं?"

हाच तो तुमचा प्रश्न. मी म्हटलं, जुन्या काळी विलायतेत सभेचं म्हणणं राजाला जाऊन सांगायचं काम त्याचं होतं, म्हणून. ते बरोबर होतं. पण पत्रात पुढं आणखी एक वाक्य होतं: दोन्हीकडची मतं सारखी झाली तर सभापतीला कास्टिंग व्होट असतं. कास्टिंग व्होटला मराठीत काय म्हणावं ते मला सुचेना. फेकायचं मत? ओतायचं मत? पुन्हा हसतील म्हणून मी ते वाक्य गाळलं आणि पुढच्या बातमीवर गेले.

खोलीचा निकाल करायला पाटलांनी रविवारी सकाळी सभा बोलावली. दिल्लीच्या बातम्यांनी त्यांनाही उत्साह चढला होता. आपणही रीतीनं करू, म्हणाले. दर घराला एक मत. शाळेच्या बाजूचे चावडीपुढच्या कडुलिंबाच्या उजवीकडं बसतील, तालमीच्या बाजूचे डावीकडं. आणि आधी सभापती निवडायचा. आत्याचं घर वेगळं होतं, म्हणून तिलाही एक मत होतं. ती सकाळीच लेकीची वेणी घालून, तिला घेऊन, पुढंच जाऊन बसली. आम्ही बायका भिंतीला धरून उभ्या होतो.

वस्ताद उठले, हात जोडले आणि म्हणाले, "पाटील, दिल्लीत बायांना मान हाय. आपुन मागं का ऱ्हायचं? सुभेदारांच्या बहिनीला सभापती करा. बाप्यांनी टाळ्या वाजवा रं!"

टाळ्या पडल्या. आत्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. तिला हात असलेली खुर्ची दिली, गावातली तेवढी एकच. ती टोकाला बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "आता माजं ऐका. ही खोली..."

"आवं, गप," वस्ताद म्हणाले. "सभापती बोलत न्हाई. आन् मत बी न्हाई देत. तुमच्याच भाचीनं वाचून दावलंय."

तेव्हा मला डाव कळला. खुर्चीच्या मानात तिचं तोंडही गेलं आणि मतही गेलं. आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की ते मी अजून विसरले नाही.

माणसं उठून दोन्हीकडं बसली. पाटलांनी काठीनं एकेक डोकं मोजलं. इकडं एकोणीस. तिकडंही एकोणीस.

"पुन्हा मोजा," आबा म्हणाले. पुन्हा तेच. आत्या जमिनीवर असती तर वीस झाले असते.

"सारकंच झालं की," वस्ताद म्हणाले. "मग निकाल न्हाई. खोली हाय तशी तालमीच्या कडेला. उठा."

लोक धोतरं झटकू लागले. निकाल नाही म्हणजे महिन्याअखेर मास्तर दुसऱ्या गावाला. आत्याची लेक आईकडं बघत होती आणि आई खुर्चीचे हात धरून गप्प होती, कारण नियम म्हणजे नियम. ती फौजीची बायको होती. मी भिंत सोडून पुढं आले. एवढ्या पुरुषांपुढं त्याआधी मी वाचलं होतं, बोलले नव्हते.

"थांबा. मी एक वाक्य गाळलं होतं," मी म्हटलं. "मतं सारखी झाली तर सभापती मत देतो. पत्रात होतं. मला त्याला मराठी शब्द सापडला नाही, म्हणून सांगितलं नाही."

"वा गं वा!" वस्ताद म्हणाले. "आज बरं आठवलं. आत्याच्या सोयीचं इंग्रजी हाय व्हय?"

पत्र आणून दाखवलं असतं तरी गावात ते वाचणारी मीच होते. आबा उभे राहिले. "माजी पोरगी इंग्रजीत चुकंल, वस्ताद. खोटं न्हाई बोलायची."

"तुमी बाप हायसा," कोणीतरी मागून म्हणालं, आणि तेही खरंच होतं.

मग पिंजारी चाचा बोलले. ते शाळेच्या बाजूला बसले होते. त्या वर्षात मी त्यांना चारचौघांत मोठ्यानं बोलताना तेव्हाच प्रथम ऐकलं. "वस्ताद, इंग्रजी ऱ्हाऊ द्या. मला आपलं कुस्तीचं सांगा. दोन पैलवान सारके निघाले, कोन कुनाला पडंना. मग निकाल कोन सांगतं?"

"पंच सांगतो."

"पंचानं आदी मदी बोलायचं असतंय?"

"छ्या! कुस्ती चालू असताना पंच कशाला बोलंल?"

"मग आज पंच कोन हाय?"

वस्तादांनी खुर्चीकडं पाहिलं. आधी ते चिडले, मग त्यांच्या मिशीत हसू आलं. "चाचा," ते म्हणाले, "कापसासंगं मानूस बी पिंजताय की." आणि आत्याकडं वळून म्हणाले, "सांगा बाई. पंचाचं मत सांगा."

मला वाटलं, आत्या आता तासभर बोलेल आणि खोली शाळेला देऊन टाकेल. तेवढा तिला अधिकार होता. पण ती एरवीच्या निम्म्या आवाजात म्हणाली, "कुस्ती बरोबरीत सुटली. बरोबरीत सुटली की इनाम निम्मं-निम्मं, ही तालमीचीच रीत हाय. सांज, रात आन् पहाट तालमीची. मदला दिस पोरींचा. वस्ताद, रीत मोडती का?"

"रीत मोडत न्हाई," वस्ताद म्हणाले. "पर खोली झाडून द्यायची. लाल माती पसरली तर मास्तर वरडंल."

"झाडू आमी," आत्याची लेक म्हणाली. सभा हसली आणि उठली.

घरी येताना आत्यानं माझा कान धरला. "एक वाक्य गं! एक वाक्य गिळलंस आन् मला खुर्चीत बांधून घातलंस." मग कान सोडून म्हणाली, "पर बाय, खाली बसले असते तर मी भांडून समदी खोली मागितली असती. वस्ताद जल्मभर वाकडा झाला असता." ती हे खरंच म्हणत होती की माझी समजूत काढत होती, ते मला आजही सांगता येत नाही.

महिन्याअखेर पाटलांनी साहेबांना कळवलं आणि जूनमध्ये मास्तर आले. पहिल्या वर्षी वर्गात पाच मुली होत्या आणि ओढ्यापलीकडं जायचा कंटाळा आलेली बरीच मुलं. दोन मुली दिवाळीपर्यंत गळाल्या. वर्ग वाढत गेले तशी आत्याची लेक सातवीपर्यंत शिकली, आणखी शिकायची तिची इच्छा होती, ते जमलं नाही. तिचं लग्न आटपाडीकडं एका फौजीशी झालं. नवऱ्याला पत्र लिहायला तिला कुणाच्या दारात जावं लागलं नाही, आणि तिच्या तिन्ही मुली मॅट्रिक झाल्या. दिल्लीच्या त्या सभेनं घटना पुरी केली आणि पुढच्या निवडणुकीत आत्यानं स्वतः जाऊन मत दिलं. त्यानंतर गावात कोणी तिला सभापती केलं नाही. एकदा पुरे, ती म्हणायची, खुर्ची टोचते.

तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे असं आहे. पुढं मी बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि त्या मताला पुस्तकात "निर्णायक मत" म्हणतात हे मुलींकडून पाठ करून घेतलं. शब्द चांगला आहे, फक्त मला तो उशिरा मिळाला.

मागच्या वर्षी गावी गेले होते. लिंब नाही, चावडी नवी झाली आहे, शाळेला रस्त्याच्या कडेला मोठी इमारत मिळाली आहे. पण वर्ग पुरत नाहीत, म्हणून तालमीशेजारची ती खोली शाळेनं सोडलेली नाही आणि तालमीनंही सोडलेली नाही. पत्रे बदलले आहेत. पहाटे तिथं पैलवान असतात, अकरा वाजता पाचवीचा वर्ग भरतो.