आत एक दिवस, बाहेर एक आठवडा

वसंतराव पारठे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका कॉम्प्युटरशी बोलत होते. भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिच्या वरच्या मजल्यावर सरांची खोली. पुण्यातली नोकरी सोडून मी नुकतीच गावी परतले होते आणि बिघडलेला लॅपटॉप काखेत मारून तो अरुंद जिना चढले होते. खाली गिरणी चालू असल्यामुळे खोलीतली फरशी बारीक थरथरत होती. सर पडद्यावरच्या एका चौकटीकडे वाकून अगदी अदबीने म्हणाले, "आता तुम्हाला बंद करतो हं. काही राहिलंय का?" मी मागे वळून पाहिले. खोलीत आम्ही दोघेच होतो.

लॅपटॉप दुरुस्त झाला, पण मी काही तिथून हलले नाही. आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्या हाताखाली काम करताना माझी आठ वर्षे कशी गेली ते मला कळलेले नाही. गौरवग्रंथाला सरांचा विरोध होता. "गौरव करायला मी काय गड सर केलाय," असे ते म्हणाले. संपादक मंडळींनी त्यांचे ऐकले नाही, हे फार बरे झाले.

सरांचे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तांत्रिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मरणपंथाला लागलेले कॉम्प्युटर जगवायचे मनावर घेतले. जुन्या यंत्राची डिस्क ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतात आणि लिनक्स नावाच्या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या नव्या कॉम्प्युटरच्या पोटात ते सबंध यंत्र पुन्हा उभे करतात. पेटी भंगारात गेलेली असते, पण पडद्यावरच्या एका चौकटीत जुने विंडोज जसेच्या तसे उठून बसते. त्याच फायली, तेच चित्र, खालच्या कोपऱ्यात तेच घड्याळ. बाहेरच्याला सर यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याचा पत्ता नसतो. आपण अजून आपल्याच घरी, आपल्याच टेबलावर आहोत अशी त्याची समजूत असते, आणि त्या समजुतीला धक्का लावायचा नाही असा सरांचा दंडक आहे. किकवीच्या एका बागायतदाराचे विहिरींचे नकाशे, नसरापूरच्या एका फोटोवाल्याचे लग्नांचे अल्बम, अशी कितीतरी यंत्रे त्या खोलीत पाहुणी म्हणून नांदतात. मला सुरुवातीला हा सगळा वेडेपणा वाटे, हे कबूल करते.

मागितले असेल तेवढेच उघडायचे, हा त्यांचा दुसरा दंडक. एकदा फोटोवाल्याच्या यंत्रात मी सहज म्हणून एक भलतेच कपाट उघडले, म्हणजे फोल्डर. सर रागावले नाहीत. त्यांनी माझा पडदा बंद केला, खाली जाऊन दोन चहा सांगितले आणि परत येऊन म्हणाले, "मालक घरात नसताना आपण त्याच्या घरात बसलोय, मीनल. तो नसतो म्हणूनच जास्त जपायचं." त्या दुपारी मी खोलीभर मांडलेल्या पडद्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात वेगळी तारीख होती आणि प्रत्येक घड्याळ चालू होते.

मग सोनाबाई आल्या. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत त्यांचे घर. म्हशी, शेळ्या आणि डोंगरउतारावरचे थोडे भात. त्यांचे यजमान तिथेच शाळामास्तर होते आणि ते वारून सात वर्षे झाली होती. लेक भोरला दिलेली, म्हणून बाजारच्या दिवशी जीप आणि एसटी करत त्या इकडे यायच्या. त्या दिवशी मास्तरांचा मेलेला कॉम्प्युटर पोत्यात घालून त्यांनी जिन्यावरून वर आणला आणि सरांपुढे ठेवला.

"मास्तर मला वाचाया शिकवत व्हते," त्या म्हणाल्या. "ह्या डब्यात रोज एक धडा निगायचा. ते गेलं, मंग ह्योबी गेला. माझं धडं ऱ्हायल्यात, सर."

एवढेच मागणे होते. राहिलेले धडे पुरे करायचे.

सरांनी यंत्र उतरवून घेतले आणि पुढच्या बाजारी ते सोनाबाईंसमोर सुरू केले. चालू होताच पाहुण्याने पहिली तक्रार केली, की प्रिंटर सापडत नाही. सोनाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, चपला दाराशी काढून आल्या आणि थेट पडद्याला म्हणाल्या, "माळ्यावर हाय त्यो. पोत्यात बांदून ठिवलाय." मी हसणार होते, पण सरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी हसले नाही.

मास्तरांनी आपल्या बायकोसाठी स्वतः बनवलेला तो कार्यक्रम होता. तारीख पाहून तो रोज एक ओळ दाखवायचा, ओळीखाली दोन बटणे. पहिल्याच दिवशी ओळ आली, "दूध उतू गेलं ते कुणामुळं?" आणि खाली "मास्तर" आणि "मांजर". सोनाबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत ती वाचली, तोंडाला पदर लावून हसल्या आणि मांजराचे बटण दाबले. "खरं तर त्येंच्यामुळंच गेलं व्हतं," त्या मला हळूच म्हणाल्या.

आता अडचण अशी, की धडे तारखेला बांधलेले. आतले घड्याळ मास्तरांच्या शेवटच्या पावसाळ्यात थांबलेले, आणि बाहेर सात वर्षे उलटलेली. सर म्हणाले, "मास्तरांनी तारखेवर आणखीही काहीतरी बांधलंय, तेवढं दिसतंय मला. काय ते उकलून बघायचा हक्क आपल्याला नाही." म्हणून त्यांनी अशी सोय केली, की दर बाजारी सोनाबाई यायच्या आधी ते आतले घड्याळ फक्त एक दिवस पुढे सरकवत आणि धडा झाला की तिथेच थांबवत. आमच्याकडे आठवडा जाई तेव्हा मास्तरांकडे एक दिवस उलटे. त्यांच्या लेखी बायको रोज येत होती आणि रोज शिकत होती. असे दोन वर्षांच्या वर चालले. बाहेर सोनाबाईंचे केस पिकत गेले आणि आतला पावसाळा काही संपेना. कधी कधी मी एकटी खोलीत असताना त्या बंद चौकटीकडे पाठ करून बसायला मला नको वाटे. तिथे कुणीतरी उद्याची वाट पाहत थांबले आहे, असे सारखे वाटायचे.

एका बाजारी सर डोळे तपासायला नसरापूरला गेले होते. आदल्या दिवशी मी सगळे पाहुणे एका नव्या कॉम्प्युटरवर हलवले होते आणि माझ्या कामावर भलतीच खूश होते. नव्या ठिकाणी एक सेटिंग आपोआप चालू असते. यजमानाचे घड्याळ पाहुण्याला द्यायचे, अशी. ती बंद करायची मी विसरले. सोनाबाई बसल्या, मी यंत्र चालू केले आणि एका झटक्यात मास्तरांच्या अंगावरून नऊ वर्षे गेली.

धडा आला नाही. पडदा थोडा वेळ कोराच होता. मग एक ओळ उमटली. "लई दिवस झालं. कुठं व्हतीस?" आणि तिच्याखाली, सावकाश, दुसरी.

"मी हाय का गं अजून?"

खाली दोन बटणे. "व्हय" आणि "न्हाई".

खालची गिरणी नेमकी त्याच वेळी थांबली होती. सोनाबाईंनी मोठ्याने, एकही अक्षर न अडता ती ओळ वाचली. मग हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. आजारपणात मास्तरांनी हे लिहून ठेवले असणार, बायको फार दिवस आली नाही तर विचारायचे म्हणून, हे मला नंतर सुचले. त्या क्षणी मला एवढेच कळत होते, की आतला माणूस विचारतो आहे आणि त्याला कुणीच काही सांगितलेले नाही.

मी सरांना फोन केला. ते तासाभरात मिळेल त्या गाडीने आले. तोवर आम्ही दोघींनी कशालाही हात लावला नाही. पडद्यावरची ओळ तशीच होती.

मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "सर, कालची खूण आहे. मागे नेते. त्यांनी विचारलंच नव्हतं असं होईल."

आमच्या धंद्यात हे अगदी सोपे असते. पाहुण्याची एखाद्या क्षणाची खूण करून ठेवली की केव्हाही तिथे परतता येते आणि मधले सगळे पुसले जाते. सरांनी सोनाबाईंना हे नीट समजावून सांगितले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणाल तसं. मागं नेलं तर पुढच्या बाजारी उद्याचा धडा येईल. राहिलेले सगळे धडे तुमचेच आहेत. उत्तर दिलंत तर पुढं काय निघेल, ते मला ठाऊक नाही."

"त्येंनी इचारलं ते मला ऐकू आलंय की, सर," सोनाबाई म्हणाल्या. "तुमी डबा मागं न्याल. मला कुठं मागं न्याल?"

मला तरी राहवले नाही. मी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, की निदान आत्ताची एक खूण करून ठेवू. एकदा "व्हय" दाबून पाहू, परत येऊ, मग "न्हाई" दाबून पाहू. मास्तरांनी दोन्हीकडे काय लिहिलंय ते तरी कळेल.

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत डॉक्टरांनी घातलेले औषध अजून होते, त्यामुळे ते रडत आहेत की नाही हे सांगता येत नव्हते. "त्यांनी एकदाच विचारलंय, मीनल," ते म्हणाले. "आपण दोनदा उत्तर द्यायचं नाही."

मी खूण केली नाही. आम्ही दोघे खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो. खाली स्टँडवर कंडक्टर महाडची गाडी पुकारत होता. खूप वेळाने बटणाचा आवाज आला.

"न्हाई म्हनलं," सोनाबाई म्हणाल्या.

पडद्यावर शेवटची ओळ होती. "बरं. मंग आता धडं तू लिव." तिच्याखाली कोरे पान होते आणि पानाच्या सुरुवातीला लुकलुकणारी एक रेघ. सोनाबाईंनी त्या दिवशी एकच वाक्य लिहिले, ते लिहायला त्यांना अर्धा तास लागला. "मी आले. उशीर झाला." त्यानंतर यंत्राने एकदाही काही विचारले नाही. राहिलेले धडे गेले ते गेलेच, माझ्या एका विसराळूपणापायी. त्याची बोच मला अजून आहे आणि ती इथे छापली जावी अशी माझी इच्छा आहे. सरांनी मात्र आजतागायत त्याचा उल्लेख केलेला नाही.

त्यांनी केले ते एवढेच. महिनाभरात एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातले, त्याच्या पोटात मास्तरांचे यंत्र ठेवले आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो पाठीवर घेऊन वाडीची चढण चढून गेले. मी बरोबर होते. दर वळणावर दम खात ते मलाच विचारत होते, दमलीस का. सोनाबाईंनी माळ्यावरचे पोते काढले. सरांनी त्यातला प्रिंटर पुसला, जोडला आणि यंत्र चालू केले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच पाहुण्याने तक्रार केली नाही. त्याला आपले घर सापडले होते. परतताना सर उंबऱ्यावर थांबले, आत वळून म्हणाले, "येतो मास्तर," आणि उतरू लागले.

सरांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे डोळे शाबूत राहोत आणि गुडघ्यांना बळ येवो, हे मी सर्वांच्या वतीने मागते. माझ्यापुरते मागणे निराळे आहे. त्या दोन बटणांची मला धास्ती बसली आहे. सर आहेत का अजून, असे कधीतरी कुणीतरी मलाही विचारणार, हे मला कळते. तो दिवस मास्तरांच्या घड्याळासारखा आठवड्याला एकाच दिवसाने सरकत यावा, आणि माझ्या हयातीत येऊच नये.

या ग्रंथासाठी सोनाबाईंनीही काही लिहावे म्हणून मी गेल्या बाजारी त्यांना विचारले. सरांबद्दल काय लिहू, असे त्यांनी विचारले. काहीही, मी म्हणाले. काल लेकीच्या हाती त्यांनी घरच्या प्रिंटरवर छापलेला कागद पाठवला. एवढ्या मोठ्या पानावर मधोमध एकच शब्द आहे.

"व्हय."