आईचा पदर आणि काळी गाडी

लेखनाचा सराव नसताना हे धाडस करतो आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागतो. गाडीच्या शाम्पूचा वास आला, की आमच्या राजापेठेतल्या घरचा तो दसरा आठवतो. धाकट्या भावाची आणि माझी, दोन्ही काळ्या गाड्या पूजेसाठी घरासमोर शेजारी उभ्या होत्या. आईने माझ्या गाडीच्या बॉनेटवरची धूळ कोरड्या पदराने खसाखसा पुसली आणि तिथेच कुंकवाचे स्वस्तिक काढले. अशाने रंगावर चरे पडतात हे ठाऊक असूनही तिला अडवायचा मला संकोच वाटला. ती त्याच्या गाडीकडे वळताच अकोल्याहून आलेल्या भावाने मात्र हसत तिचा हात धरला. "आई, पदर नोको लावू वं, चरे पडतात. काचेवर काढ." ती रागावेल अशी मला आशाच होती. "बायकोले तरी इतकं जपतं का रे तू?" असे म्हणून तिने हसत काचेवर स्वस्तिक काढले, त्याच्या लखलखीत बॉनेटमध्ये पाहून स्वतःची टिकली सारखी केली आणि रिद्धपूरला दर्शनाला जाताना त्याच्याच शेजारी बसली. उन्हात माझ्या बॉनेटवर जाळ्यासारखे गोल चरे चमकत होते. आता मीही आधी पाण्याने धूळ वाहू देतो, मऊ कापडच वापरतो. पण आईला नको म्हणणे अजून जमलेले नाही. तुमच्या घरी आई कोणाच्या गाडीत बसते?