अपडेटचे रोडगे

या भूतलावर ब्लॉग लिहिणारे पुष्कळ असतील, वाचणारे त्याहून जरा कमी असतील, पण ब्लॉगचं सॉफ्टवेअर अपडेट झालं म्हणून गावाला रोडग्यांचं जेवण घालणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. ते अकोल्याला, मी अमरावतीला. मधे मूर्तिजापूर आणि बडनेरा आहे म्हणून आपला संसार टिकला, असं मी बायकोला अधूनमधून ऐकवतो. ती म्हणते, माझ्या थोरल्या बहिणीचा संसार मधे एकही स्टेशन नसताना टिकला, त्याचं काय?

साडभाऊ (आम्ही दोघंही एकमेकांना असंच म्हणतो) टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सारी उमेदीची वर्षं मेळघाटात तारा ओढण्यात गेली. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पोरीनं, म्हणजे पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करणाऱ्या एकुलत्या एका लेकीनं, त्यांना ब्लॉग काढून दिला. जंगलातल्या गोष्टी त्यांनी लिहाव्यात, एवढीच तिची इच्छा. पहिला मसुदाही तिनंच स्वतःच्या नावानं उघडला, वर 'सेमाडोहचं अस्वल' असं शीर्षक टाकलं आणि म्हणाली, "बाबा, आता लिहा." साडभाऊंनी लिहिलं, "सेमाडोहले तवा एकच फोन होता." तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात निरोप उमटला की नवी आवृत्ती तयार आहे. साडभाऊंनी बटण दाबलं, त्यात नवं काय काय आलं ते वाचायला घेतलं, आणि अस्वलाची गोष्ट पुढची काही वर्षं त्या एका वाक्यावरच अडून राहिली.

त्या दिवसापासून ते अपडेटचे झाले. त्यातही ज्या सोयींचा गाजावाजा होतो त्यांच्याकडे ते ढुंकून पाहत नाहीत. यादीच्या तळाशी, कंपनीनंसुद्धा नाइलाजानं लिहिल्यासारख्या ज्या बारीक सोयी असतात, त्यांच्यावर त्यांचा जीव. "मोठं तं कोनालेबी दिसते, साडभाऊ," ते मला म्हणतात, "पन आता फोटोचा कोपरा गोल करता येते, हे अकोल्यात कोनाले मालूम हाये?" कोणालाच नव्हतं. मग ते सांगत सुटायचे. विहारात रविवारची वंदना संपली की लोक चपला शोधायच्या आत ते दारात उभे. रेल्वेत शेजारी बसलेल्याची तर धडगतच नसे. एकदा बडनेऱ्याला जाणारा एक सज्जन मूर्तिजापूरलाच उतरला आणि पळत मागच्या डब्यात चढला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साडभाऊ मात्र हळहळले, "अर्धंच समजलं बिचाऱ्याले."

एका अपडेटमध्ये लेख वाचायला किती वेळ लागेल ते आपोआप दाखवण्याची सोय आली. साडभाऊंनी जुन्या अपडेटांवर लिहिलेल्या लेखावर 'एक मिनिट' असं उमटलं. त्यांना ते फार लागलं. इतक्या दिवसांची मेहनत आणि एक मिनिट? त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, स्वयंपाकघरातून बोलावलं, लेखासमोर बसवलं आणि स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले. ताई सावकाश वाचत गेल्या. साडभाऊंचा चेहरा खुलत गेला. तेवढ्यात आत दूध उतू गेलं. "तुमच्या मिनिटापायी माह्यं लिटरभर दूध गेलं," असं ताई म्हणाल्या, आणि त्या दिवशी आम्ही सगळे काळा चहा प्यायलो.

पुढं प्रश्नावर बोट ठेवलं की खाली उत्तर उघडतं अशी सोय आली. तेव्हा विहारातल्या एका कार्यक्रमाचं निमंत्रण साडभाऊंनी हौसेनं त्या पद्धतीनं ब्लॉगवर टाकलं आणि साऱ्या वस्तीला पाठवलं. उघडायचं असतं हे कुणाला ठाऊक? लोकांना नुसते प्रश्नच दिसले. 'कार्यक्रम कुठं आहे?' 'किती वाजता आहे?' 'जेवण आहे काय?' वस्तीचा समज झाला की साडभाऊच सगळ्यांना विचारून राहिले. दिवसभर त्यांना फोन येत होते. "आमाले काय मालूम बापा, तुमीच सांगा," असं म्हणून लोक ठेवून देत. एका म्हातारीनं मात्र निक्षून सांगितलं, "जेवन ठेवाच."

आणि रोडगे! आमच्याकडे माणसं जमवायची तर रोडग्यांशिवाय जमत नाहीत. मोठं अपडेट आलं की साडभाऊ मित्राच्या शेतात गोवऱ्या पेटवतात. निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजले जातात, वांग्याची भाजी रटरटते, आणि उलट्या घमेल्यावर लॅपटॉप ठेवून साडभाऊ नव्या सोयी दाखवतात. आधी सोयी, मग रोडगे, हा क्रम ते कधी मोडत नाहीत, कारण उलटं केलं तर काय होईल हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. एका खेपेला लिहिलेला मजकूर न पुसता लपवून ठेवण्याची सोय आली होती. ती ते रंगून समजावत होते तर मागून कोणी तरी म्हणालं, "लपवाचंच हाये तं लिहाचं कायले?" सारं शेत हसलं. साडभाऊही हसले.

हसली नाही ती पोरगी. ती तेव्हा सुटीवर आली होती. ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "गोष्ट लिहितेत कुठं ते? बाबा, तुमच्या ब्लॉगवर तुमच्या-माह्याशिवाय कोनी येत नाई. मी रोज पाहाची. आज लिहितीन, उद्या लिहितीन. तुमाले माह्या गोष्टीपेक्षा हे बटनं मोठे वाटतेत." साडभाऊ घमेल्यापाशी बसून होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मंग तू बी नको पाहू." आमच्याकडची माणसं अशी तोडून बोलतात आणि बोलून झालं की जेवायला बसतात, पण त्या संध्याकाळी बाप आणि लेक दोघंही जेवले नाहीत. ती पुण्याला गेली. त्यानंतर तिचा फोन यायचा तो ताईंना. साडभाऊ शेजारी बसून पेपर वाचत. तो कित्येकदा कालचाच असे.

त्या काळात मला त्यांची खरंच काळजी वाटली. अपडेट आलं तरी रोडगे नाहीत. मी मुद्दाम विचारलं, "काय नवीन?" तर "काई नाई," म्हणत. छळाला सोकावलेल्या माझ्या कानांना ते सहन होईना. आणि मग एक दिवस ते न सांगता अमरावतीला आमच्या दारात हजर झाले. पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "साडभाऊ, आता मसुद्याच्या बाजूले टीप लिहिता येते. लोकायले दिसत नाई. ज्यानं मसुदा उघडला, त्याले मात्र मेल जाते."

"आणि मसुदा कोणी उघडला होता?" मी विचारलं.

"तुमी सोय समजून घ्या. बाकीचं राहू द्या."

अडचण एवढीच होती की टीप हवेत लिहिता येत नाही, ती एखाद्या परिच्छेदाला लावावी लागते. परिच्छेद तर एकच, तोही एका वाक्याचा. तिथं त्यांनी पहिली टीप लावली, 'काई चुकलं असन तं सांगावं.' उत्तर आलं नाही. दुसरी टीप लावायला जागा हवी म्हणून त्यांनी दुसरा परिच्छेद लिहिला: मोहाची फुलं खाली पडलेली, साडभाऊ खांबावर चढलेले, आणि फुलं खायला अस्वल आलेलं. त्याला टीप, 'अस्वल केवढं लिहावं? कोनाले आठवते काय?' ही गोष्ट पोरगी लहानपणी जेवताना रोज ऐकायची आणि अस्वल दर वेळी थोडं वाढायचं, हे साऱ्या घराला माहीत होतं. तरीही उत्तर नाही. मग तिसरा परिच्छेद: खांबावरच्या माणसानं जवळच्या चाचणीच्या फोनचे चिमटे तारेला लावून परतवाड्याच्या एक्सचेंजला फोन केला, आणि तो घेतला एका ऑपरेटर मुलीनं. ती मुलगी म्हणजे आमच्या ताई. असं करत करत, केवळ टिपा टांगायला खुंट्या हव्यात म्हणून, साडभाऊंनी अस्वलाची ती सबंध दुपार लिहून काढली. मी ती वाचली आहे. इतकं साधं आणि चांगलं मला आयुष्यात लिहिता आलेलं नाही, आणि याचा मला हेवा वाटतो.

परवा मी अकोल्याला गेलो होतो. साडभाऊ लॅपटॉपसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. मला वाटलं, साइट बंद पडली. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तिसऱ्या परिच्छेदाच्या बाजूला, त्यांच्या टिपेखाली, लेकीचं नाव होतं. तिनं लिहिलं होतं, 'आई तवा फोनवर खरं काय म्हनाली होती? तुमी दोघं येगयेगळं सांगता.'

"आली," ते म्हणाले. मग अगदी हळू, आत ताईंना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "साडभाऊ, याले उत्तर कुठून देतेत?"

मला आधी थट्टाच वाटली. पण त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्या सॉफ्टवेअरचा कोपरान् कोपरा पाठ असलेल्या माणसाला ती एक सोय माहीत नव्हती, कारण आजवर त्यांना कोणी काही लिहिलंच नव्हतं. टिपेच्या खालीच एक रिकामी चौकट होती. मी तिथं बोट ठेवलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं, 'हे लिहून नाई समजत. तू घरी ये. दोघं बी सांगतो.'

लिहून झाल्यावर त्यांनी बोट मागं घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साडभाऊ, पाठवाचं बटन तुमी दाबा."